लिनक्सवर डेस्कटॉप कोणता घ्यावा: निवडण्यापासून काढून टाकण्यापर्यंत

लिनक्स नवं घेतलं की पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न डोकं खातो: ग्नोम घेऊ, केडीई घेऊ, की ते काळ्या पडद्यावर चौकोन मांडलेलं काहीतरी घेऊ, जे सगळ्यांच्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतं? उत्तरं शंभर मिळतात आणि प्रत्येक जण स्वतःचं तेच बरोबर म्हणतो. स्क्रीनशॉट बघून डेस्कटॉप निवडू नका. दिवसभर हात कुठे असतो (माउसवर की कीबोर्डवर) आणि एका वेळी किती खिडक्या उघड्या असतात, या दोन गोष्टींवरून निवडा.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. विंडो मॅनेजर फक्त खिडक्या मांडतो: कोणती कुठे, केवढी, कोणती पुढे. डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे विंडो मॅनेजर आणि वर पॅनेल, सेटिंग्ज, फाइल मॅनेजर, सूचना, आवाज, वाय-फाय, स्क्रीन लॉक हा सगळा संसार. पहिला म्हणजे रिकामी खोली, बल्बसुद्धा आपणच आणायचा. दुसरा म्हणजे सामानासकट भाड्याने घेतलेला फ्लॅट. सोफ्याचा रंग आवडला नाही तरी बसता येतं.

एक सूचना. या लेखात कमांड आणि पॅकेजची नावं देवनागरीत आहेत, टर्मिनलात ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची. पॅकेजचं नेमकं स्पेलिंग अडलं तर 'अ‍ॅप्ट सर्च' ही कमांड देऊन बघा.

हाताशी काय हवं

- १६ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह, ज्यातला डेटा गेला तरी चालेल असा
- महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर
- मुख्य डिस्कवर किमान ८-१० जीबी मोकळी जागा
- फोन किंवा दुसरं यंत्र, कारण पडदा काळा झाला की त्याच यंत्रावर उपाय शोधता येत नाही
- टाइमशिफ्टसारखं स्नॅपशॉट (मागे परतता येईल अशी यंत्रणेची प्रत) घेणारं साधन (लिनक्स मिंटमध्ये ते आधीच असतं)

पायरी १: यंत्र काय झेपेल ते बघा

रॅमची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. हलका डेस्कटॉप घेतला तर चारपाचशे एमबी वाचतात, पण ब्राउझरचे दहा टॅब उघडले की ती बचत पाच मिनिटांत संपते. रॅम ८ जीबी असेल तर काहीही घ्या. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी घ्या. २ जीबी असेल तर डेस्कटॉप बदलून फारसं काही होणार नाही, आधी रॅम वाढवता येते का ते बघा. आकडा ऐकीव नको, स्वतः मोजा: लॉगिन करून दोन मिनिटं थांबा, टर्मिनलात 'फ्री -एच' द्या आणि 'यूज्ड'चा रकाना वाचा.

खरा फरक पडतो तो ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटरमुळे. लिनक्सवर चित्र पडद्यावर आणायच्या दोन पद्धती आहेत: एक्स११, जी १९८७ पासून चालत आली, आणि वेलँड, जिचं काम २००८ मध्ये सुरू झालं. ग्नोम आणि प्लाझ्मा (केडीईचा डेस्कटॉप) आता वेलँडवर पक्के बसलेत. एक्सएफसीई आणि लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये वेलँड अजून प्रायोगिक आहे.

लॅपटॉपचा पडदा बारीक पिक्सेलांचा आणि बाहेरचा मॉनिटर साधा, अशी जोडी असेल तर एक्स११वर दोघांना वेगवेगळं स्केलिंग नीट देता येत नाही. एकीकडे अक्षरं मुंगीएवढी, दुसरीकडे भोपळ्याएवढी. अशांनी वेलँडवरचा प्लाझ्मा घ्यावा, १२५ किंवा १५० टक्के असं अधलंमधलं स्केलिंग तोच सर्वांत कमी कटकटीत करतो.

एनव्हिडियाचं कार्ड आणि त्यांचाच ड्रायव्हर असेल तर २०२४ मध्ये आलेली ५५५ ही मालिका किंवा त्यानंतरचा ड्रायव्हर असल्याची खात्री करा. त्याआधीच्या ड्रायव्हरवर वेलँडमध्ये खिडक्या लुकलुकण्याचा त्रास बऱ्याच जणांना होता. स्वे हा विंडो मॅनेजर तर हा ड्रायव्हर दिसला की सुरूच होत नाही. 'अनसपोर्टेड-जीपीयू' हा पर्याय जोडून त्याला भाग पाडावं लागतं, आणि मग काही बिघडलं तर तक्रार ऐकायला कुणी नसतं.

पायरी २: बसवण्याआधी चाखून बघा

पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक लिनक्स सुरू करून देणारं साधन) बसवा. ते एकदाच पेनड्राइव्ह पूर्ण पुसतं. त्यानंतर आयएसओ फाइल्स (लिनक्सच्या डाउनलोड केलेल्या प्रती) साध्या कॉपी-पेस्टने टाकायच्या, हव्या तेवढ्या. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरला बूट होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पहिल्या वेळी निळ्या पडद्यावर व्हेंटॉयची किल्ली नोंदवायला सांगतात. ते न वाचता पुढे गेलात की पेनड्राइव्ह बूटच होत नाही, आणि लोक बिचाऱ्या आयएसओला दोष देतात.

तीन आयएसओ पुरेत: ग्नोमसाठी उबुंटू किंवा फेडोरा वर्कस्टेशन, प्लाझ्मासाठी कुबुंटू किंवा फेडोरा केडीई, आणि सिनॅमनसाठी लिनक्स मिंट. यंत्र जुनं असेल तर झुबुंटूही टाका.

लाइव्हमध्ये (म्हणजे न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवताना) रंगरूप बघत बसू नका, ते नंतर बदलतं. वाय-फाय लागतं का, टचपॅडवर दोन बोटांनी सरकतं का, लॅपटॉप मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का, बाहेरचा मॉनिटर जोडून काढल्यावर खिडक्या परत मिळतात का, ब्लूटूथ हेडफोन जोडला जातो का, एवढं तपासा. पेनड्राइव्हवर सगळंच मंद चालतं आणि लाइव्ह सत्र रॅमही जास्त खातं, म्हणून वेगाचा आणि रॅमचा निकाल इथे लावू नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये तर नाहीच नाही. तिथे ग्राफिक्सचा वेग अर्धवट मिळतो, अ‍ॅनिमेशन अडखळतं आणि हायपरलँडसारखे विंडो मॅनेजर बऱ्याचदा सुरूच होत नाहीत.

पायरी ३: कोणता कुणासाठी

प्लाझ्मा. विंडोजवरून आलेल्या आणि स्वतःच्या मनासारखं करून घ्यायची खोड असलेल्या माणसासाठी. खाली पट्टी, डावीकडे मेनू, ऑल्ट+स्पेस दाबून काहीही शोधा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ पासून फाइल डबल क्लिकने उघडते. जुन्या आवृत्तीत एका क्लिकने उघडायची आणि नवखे दचकायचे. सापळा एकच, पण मोठा: सेटिंग्जचा समुद्र. पहिल्या आठवड्यात थीम, आयकॉन, स्प्लॅश स्क्रीन असं दहा ठिकाणी हात घातला की अकराव्या दिवशी काय कशामुळे बिघडलं ते कळत नाही. दिवसाला एकच बदल करा. हार्ड डिस्क (एसएसडी नव्हे) असेल तर फाइल सर्चची अनुक्रमणी बंद ठेवा, नाहीतर डिस्क सुरुवातीला तासन्‌तास घरघरत राहते. ऑटो-लॉगिन ठेवलंत तर के-वॉलेट (पासवर्ड साठवायची केडीईची तिजोरी) दरवेळी पासवर्ड विचारेल. तो बिघाड नाही, पासवर्डशिवाय तिजोरी उघडणार कशी?

ग्नोम. ठरावीक तीनचार अ‍ॅप वापरणाऱ्यासाठी आणि टचपॅडवर हात असणाऱ्यासाठी. सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली की) दाबायची, अ‍ॅपचं नाव टाइप करायचं, एंटर. मिनिमाइझचं बटण मुळात नसतं, कारण खिडकी लपवण्याऐवजी दुसऱ्या वर्कस्पेसवर (वेगळ्या आभासी पडद्यावर) न्यावी अशी अपेक्षा आहे. बटण हवंच असेल तर ग्नोम ट्वीक्समधून मिळतं. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास येते, आणि प्रत्येक वेळी काही एक्स्टेन्शन बंद पडतात. दहा एक्स्टेन्शन लावून ग्नोमला विंडोजसारखं करायचं असेल तर सरळ प्लाझ्मा घ्या, दोघांचाही वेळ वाचेल. दोन-तीन एक्स्टेन्शनवर भागत असेल तरच ग्नोम तुमचा.

सिनॅमन. घरातल्या मोठ्यांसाठी, कार्यालयातल्या सामायिक यंत्रासाठी, 'मला काही शिकायचं नाही, काम करायचंय' म्हणणाऱ्यासाठी. २०११ मध्ये ग्नोम ३ आला आणि जुनी मांडणी गेली, म्हणून मिंटच्या लोकांनी हा उभा केला. फार काही बदलत नाही, हाच त्याचा गुण.

एक्सएफसीई. जुन्या यंत्रासाठी आणि दहा वर्षं एकच मांडणी हवी असणाऱ्यासाठी. नव्या माणसाला दोन गोष्टी छळतात. खिडकीची कड इतकी बारीक असते की माउसने पकडायला नेम लागतो. त्यावर उपाय म्हणजे ऑल्ट धरून उजव्या बटणाने खिडकीत कुठेही ओढायचं, आकार बदलतो. दुसरी गोष्ट, लिनक्सच्या काही वितरणांत (डिस्ट्रोंत) सुपर दाबलं तरी मेनू उघडत नाही. कीबोर्ड सेटिंग्जमध्ये जाऊन एक्सएफसीईच्या व्हिस्कर मेनूच्या पॉपअपची कमांड त्या कीला जोडावी लागते.

माटे म्हणजे जुन्या ग्नोम २ची पुढे चालवलेली गादी. एलएक्सक्यूटी फारच जुन्या यंत्रासाठी. सुरुवातीला त्यांच्या वाट्याला गेलं नाही तरी चालतं.

पायरी ४: बसवताना नवं खातं काढा

चालू यंत्रावर दुसरा डेस्कटॉप बसवता येतो, पण त्याच खात्यात वापरू नका. ग्नोम, प्लाझ्मा आणि एक्सएफसीई तिघेही घरच्या फोल्डरातल्या त्याच 'डॉट कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरात आपापल्या सेटिंग्ज लिहितात. कर्सर, थीम, फाइल कशात उघडायची, लॉगिनबरोबर काय सुरू व्हायचं, सगळं एकमेकांत मिसळतं. मग ग्नोममध्ये परत आल्यावर अक्षरं विचित्र दिसतात आणि पीडीएफ भलत्याच अ‍ॅपमध्ये उघडतं.

१. स्नॅपशॉट घ्या.

२. 'सुडो अ‍ॅडयूजर' आणि पुढे नवं नाव देऊन चाचणीचं खातं काढा.

३. डेस्कटॉप बसवा. उबुंटूवर 'सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल' पुढे 'कुबुंटू-डेस्कटॉप' किंवा 'झुबुंटू-डेस्कटॉप'. डेबियनवर 'सुडो टास्कसेल' देऊन यादीतून निवडा. नुसता प्लाझ्मा हवा असेल तर 'केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप' हे पॅकेज घ्या. 'केडीई-फुल' घेतलंत तर खेळांपासून सगळं येतं आणि मेनूत गर्दी होते.

४. मध्येच निळा पडदा येऊन डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनचा पडदा दाखवणारा) कोणता ठेवायचा ते विचारतो: जीडीएम३, एसडीडीएम की लाइटडीएम. आधी जो होता तोच ठेवा. टॅबने 'ओके'वर जा, माउस तिथे चालत नाही. चुकलात तर 'सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर जीडीएम३' दिलं की प्रश्न पुन्हा येतो.

५. यंत्र बंद करून सुरू करा आणि लॉगिनच्या पडद्यावर सत्र निवडा. जीडीएममध्ये आधी नावावर क्लिक करावं लागतं, मगच उजव्या कोपऱ्यात खाली गिअरचं चिन्ह येतं. 'नवा डेस्कटॉप दिसतच नाही' या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच असतं.

किमान आठवडाभर रोजचं काम त्यात करा. पहिले दोन दिवस प्रत्येकच नवा डेस्कटॉप वाईट वाटतो, कारण बोटं जुन्या जागा शोधत असतात.

पायरी ५: विंडो मॅनेजरकडे जायचं असेल तर

आधी एक मधला रस्ता. प्लाझ्मात सुपर+टी दाबून पडद्याचे कप्पे पाडता येतात, मग शिफ्ट धरून खिडकी ओढली की ती कप्प्यात बसते. ग्नोममध्ये सुपर आणि डावा-उजवा बाण दाबला की खिडकी अर्ध्या पडद्यावर बसते. अनेकांची टायलिंगची (खिडक्या एकमेकींना न झाकता शेजारी मांडायची) हौस इथेच भागते. दिवसभर तीनपेक्षा जास्त टर्मिनल उघडी असतात आणि माउसला हात लावायचा वैताग येतो, अशांनी पुढे वाचावं.

सुरुवात एक्स११वर आयथ्री किंवा वेलँडवर स्वे याने करा. २००९ मध्ये आलेल्या आयथ्रीचं दस्तऐवजीकरण अव्वल आहे, आणि स्वे त्याचीच कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल जवळपास तशीच वाचतो. हायपरलँड दिसायला देखणा, पण त्याची कॉन्फिग वरचेवर बदलते. डीडब्ल्यूएममध्ये बदल करायचा तर सी भाषेतला कोड सुधारून पुन्हा कंपाइल करावा लागतो. ते पहिलं पाऊल नव्हे.

आयथ्री पहिल्यांदा सुरू झाला की कॉन्फिग फाइल बनवू का, आणि मॉड की (शॉर्टकटांसाठी धरून ठेवायची की) म्हणून सुपर हवी की ऑल्ट, हे विचारतो. सुपर घ्या. ऑल्ट घेतलीत तर ब्राउझर आणि एडिटरच्या शॉर्टकटांशी भांडण ठरलेलं. मग हे सहा शॉर्टकट कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा:

- मॉड+एंटर: टर्मिनल
- मॉड+डी: अ‍ॅप सुरू करा
- मॉड+शिफ्ट+क्यू: खिडकी बंद
- मॉड+एफ: पूर्ण पडदा
- मॉड+१ ते ९: वर्कस्पेस, शिफ्टही धरलं तर खिडकी तिकडे जाते
- मॉड+शिफ्ट+ई: बाहेर पडा

स्वेमध्ये मॉड+एंटर दाबून काहीच झालं नाही तर घाबरू नका. त्याच्या मूळ कॉन्फिगमध्ये 'फूट' नावाचं टर्मिनल लिहिलेलं असतं, ते बसवलेलं नसेल तर पडदा मख्ख राहतो. आधीच बसवून ठेवा.

आता रिकाम्या खोलीत काय आणायचं. आधी आयथ्रीसाठी, स्वल्पविरामानंतर स्वेसाठी. अ‍ॅप सुरू करायला डीमेन्यू किंवा रोफी, फझेल. सूचनांसाठी डन्स्ट, माको. लॉकला आयथ्रीलॉक, स्वेलॉक. स्क्रीनशॉटला मेम, ग्रिम आणि स्लर्प. वॉलपेपरला फे, स्वेबीजी. मॉनिटरच्या मांडणीला एरँडआर, डब्ल्यूडिस्प्लेज. दोन्हीकडे चालणारे: वाय-फायसाठी एनएमटीयूआय, आवाजाला पाव्हूकंट्रोल, उजेडाला ब्राइटनेसकंट्रोल, ब्लूटूथला ब्लूमन.

ही यादी कुठेही मिळते. नवखे खरे आपटतात ते पुढच्या चार जागी.

पोलकिट एजंट. जीपार्टेडसारखं अ‍ॅप पासवर्ड विचारायला ज्याच्याकडे जातं तो. डेस्कटॉपमध्ये तो आपोआप असतो, इथे नसतो. अ‍ॅप क्लिक केलं की काहीच होत नाही, चूकही दिसत नाही. 'एलएक्सक्यूटी-पॉलिसीकिट' बसवा आणि त्याचा एजंट कॉन्फिगमध्ये 'एक्झेक'च्या ओळीने सुरू करा.

लॅपटॉप मिटल्यावरचं लॉक. झाकण मिटलं की सिस्टमडी (पाठीमागून यंत्रणा सांभाळणारा प्रोग्रॅम) यंत्र झोपवतं, पण लॉक करत नाही. दुसऱ्याने उघडलं की सगळं समोर. आयथ्रीच्या मूळ कॉन्फिगमध्ये झोपण्याआधी लॉक लावणाऱ्या एक्सएसएस-लॉकची ओळ असते, पण एक्सएसएस-लॉक आणि आयथ्रीलॉक ही दोन्ही पॅकेज नसतील तर ती मुकी. स्वेमध्ये स्वेआयडलचा नमुना असतो, पण पुढे हॅश लावून बंद ठेवलेला. तो हॅश काढा.

बॅटरी. दहा टक्के उरली हे सांगणारं कुणी नाही. पट्टीवर आकडा दिसतो, पण पूर्ण पडद्यावर व्हिडिओ चालू असेल तर तोही नाही. बॅटरीची सूचना देणारं छोटं साधन पहिल्याच दिवशी लावा.

ऑनलाइन मीटिंगमधलं स्क्रीन शेअरिंग. स्वेवर पाइपवायर आणि 'एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल-डब्ल्यूएलआर' नसेल तर समोरच्यांना काळा पडदा दिसतो. मीटिंगच्या आदल्या दिवशी तपासा.

कॉन्फिग बदलताना: स्वेची मूळ फाइल ईटीसी फोल्डरात असते, तिची प्रत घरच्या 'डॉट कॉन्फिग'मध्ये घेऊनच हात लावा. जतन केल्यावर 'आयथ्री -सी' किंवा 'स्वे -सी' (सी मोठ्या लिपीतला) दिलं तर फाइल तपासून चूक कोणत्या ओळीत ते कळतं. मग मॉड+शिफ्ट+सी दाबून फाइल पुन्हा वाचायला लावा.

पायरी ६: मराठी टायपिंग

याचा विचार शेवटी करतात आणि तिथेच निम्मे लोक डेस्कटॉप बदलतात.

ग्नोम आणि सिनॅमनमध्ये आयबस (इतर भाषा टाइप करायचं साधन) वापरा. 'आयबस-एम१७एन' बसवा, लॉगआउट करून परत या (हे केल्याशिवाय यादीत मराठी दिसत नाही) आणि मराठी इन्स्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी पद्धत निवडा. ग्नोममध्ये भाषा सुपर+स्पेसने बदलते. प्लाझ्मात त्याच कामाचा एफसिटिक्स ५ बरा चालतो. वेलँडवर तो सिस्टम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल कीबोर्ड या सदरात निवडावा लागतो, नाव बघून तिथे कुणी जात नाही.

आयथ्रीमध्ये एक खास गंमत आहे. मॉड म्हणून सुपर घेतली की सुपर+स्पेस आयथ्री स्वतःकडे ठेवतो, तरंगत्या आणि कप्प्यातल्या खिडक्यांमध्ये जायला. आयबसपर्यंत की पोहोचतच नाही, आणि माणूस तासभर आयबस काढून-घालून दमतो. कॉन्फिगमधली मॉड+स्पेसची ओळ हॅश लावून बंद करा, किंवा आयबसचा शॉर्टकट कंट्रोल+स्पेस करा.

आयबस नकोच असेल तर एक्सकेबीचा (कीबोर्डची मांडणी ठरवणाऱ्या यंत्रणेचा) लेआउट पुरतो. लेआउट 'यूएस,आयएन', व्हेरियंटमध्ये आधी स्वल्पविराम आणि मग 'मार-कागापा' (उच्चारानुसारी). तो सुरुवातीचा स्वल्पविराम विसरलात तर व्हेरियंट इंग्रजीला लागतो आणि लेआउटच चढत नाही. भाषा बदलायला 'ऑल्ट_शिफ्ट_टॉगल' हा पर्याय द्या. मराठी चालू असताना पडदा लॉक झाला तर पासवर्ड बरोबर टाइप करूनही आयथ्रीलॉकचं वर्तुळ लाल होतं, कारण चालू भाषा तिथे दिसत नाही. ऑल्ट+शिफ्ट दाबून पुन्हा टाका.

फॉन्टसाठी नोटो सॅन्स देवनागरी बसवा. मेनूत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत असतील तर लोकेल (यंत्रणेची भाषा-प्रदेश सेटिंग) मराठी करून बघा. टर्मिनलात मराठी फाइलनावं वाचायची असतील तर कॉन्सोल हे केडीईचं टर्मिनल वापरा. अ‍ॅलाक्रिटी हे टर्मिनल जोडाक्षरं जोडत नाही, 'दऱ्या' आणि 'कृष्ण' तुकड्यातुकड्यांत दिसतात.

पायरी ७: अडकलात तर, आणि काढायचं झालं तर

पडदा काळा पडला तर कंट्रोल+ऑल्ट+एफ३ दाबा. साधा लॉगिन येतो. नाव-पासवर्ड टाका आणि बिघडलेली कॉन्फिग पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा. आयथ्रीसाठी 'डॉट कॉन्फिग'मधलं आयथ्री फोल्डर. प्लाझ्माचं पॅनेल गायब असेल तर 'प्लाझ्मा-ऑर्ग'ने सुरू होऊन 'अ‍ॅपलेट्सआरसी'ने संपणारी फाइल. ग्नोममध्ये एक्स्टेन्शनचा संशय असेल तर 'डॉट लोकल', 'शेअर', 'ग्नोम-शेल' यातलं एक्स्टेन्शन्स फोल्डर. मग 'सुडो सिस्टमसीटीएल रिस्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर'.

नको असलेला डेस्कटॉप काढताना 'कुबुंटू-डेस्कटॉप' रिमूव्ह केलंत की फक्त ते वरचं पॅकेज जातं, आतलं सामान तसंच राहतं. त्यानंतर 'ऑटोरिमूव्ह' (गरज न उरलेली पॅकेज काढणारी कमांड) द्या, पण 'वाय' दाबण्याआधी यादी वरपासून खालपर्यंत वाचा. त्यात नेटवर्क-मॅनेजर, तुमचा डिस्प्ले मॅनेजर किंवा ठेवायच्या डेस्कटॉपचं नाव दिसलं तर 'एन' दाबा. यादी फारच लांब आणि संशयास्पद असेल तर पायरी ४ मधला स्नॅपशॉट परत आणणं जास्त सोपं. चाचणीचं खातं मात्र सगळ्यात शेवटी काढा, आणि त्याआधी त्याच्या डाउनलोड्स फोल्डरात काही राहिलंय का ते बघा.